रंगसंकेतांचे परिवर्तन : अंकपद्धती, क्रम आणि मापनश्रेणी

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने सिद्ध होतो. सर्वाधिक रूढ अशा व्यवस्थेत प्रत्येक प्रकाशाची मात्रा आठ द्विमान अंकांनी, म्हणजे एका बाइटने, व्यक्त केली जाते. शून्य व एक यांच्या आठ स्थानांवरील रचना २५६ होतात. म्हणून मात्रा ० पासून २५५ पर्यंत असते, आणि तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात. हीच मात्रा कोठे दशमान, कोठे षोडशमान, तर कोठे शेकडेवारीच्या रूपाने आढळते. या परिवर्तनांत रंग केव्हा अबाधित राहतो व केव्हा बदलतो, हे जाणणे जुन्या हस्तलिखितांच्या वा लघुचित्रांच्या अंकीय प्रती जतन करणाऱ्या अभ्यासकालाही अगत्याचे आहे.

षोडशमान पद्धतीत पाया सोळाचा असतो. ० ते ९ या अंकांनंतर दहा ते पंधरा या संख्यांसाठी ए, बी, सी, डी, ई व एफ ही इंग्रजी अक्षरे योजतात. १९६४ साली आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालेने आठ अंकांचा बाइट आणि ही अक्षरयोजना या दोहोंच्या प्रसारास मोठा हातभार लावला.

सोळाच्या पायाची गणना महाराष्ट्रातील व्यवहारास अपरिचित नव्हती. १९५७ साली दशमान नाणी प्रचारात येण्यापूर्वी सोळा आण्यांचा एक रुपया होत असे. षोडशमान जोडीतील डावा अंक रुपयांचा व उजवा आण्यांचा मानला, की परिवर्तन सहज उलगडते. पडद्यावर केशरी छटेसाठी पुष्कळदा वापरला जाणारा ‘एफएफ ९९ ३३’ हा संकेत घ्यावा. ‘९९’ म्हणजे नऊ रुपये नऊ आणे. ९ गुणिले १६ अधिक ९ बरोबर १५३ आणे. त्याच रीतीने ‘एफएफ’ म्हणजे २५५ व ‘३३’ म्हणजे ५१. उलट दिशेने १५३ ला १६ ने भागल्यास भागाकार ९ व बाकी ९ येते, आणि मूळ जोडी परत मिळते. द्विमान रूप तर याहूनही सुलभ आहे. कारण प्रत्येक षोडशमान अंक चार द्विमान स्थाने व्यापतो. ९ म्हणजे १००१; म्हणून ९९ म्हणजे १००११००१. या तिन्ही रूपांत संख्या एकच असते. केवळ तिचा वेष पालटतो. येथे रंगास काहीही धोका नाही.

धोका उद्भवतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण घटकांच्या क्रमाचे. तिन्ही मात्रा एकाच संख्येत गुंफताना तांबड्यास ६५,५३६ ने, हिरव्यास २५६ ने गुणून निळा मिळविल्यास वरील रंगाची संख्या १,६७,५०,८९९ येते. वेबपृष्ठांच्या संकेतांत तांबडा घटक अग्रस्थानी असतो. विंडोज प्रणालीच्या रंगसंख्येत मात्र तो सर्वांत खालच्या स्थानी असतो. क्रमाचा हा संकेत न पाहता तीच संख्या तेथे दिल्यास तांबडा ५१, हिरवा १५३ व निळा २५५ असे वाचन होते, आणि केशरीच्या जागी निळा रंग उमटतो. गणितात चूक नसूनही अर्थ उलटतो.

दुसरे ठिकाण मापनश्रेणीचे. वरील रंगाच्या मात्रा शेकडेवारीत १००, ६० व २० अशा निःशेष येतात. परंतु हा अपवाद होय. २५५ हा छेद असल्यामुळे २५६ मात्रांपैकी केवळ सहांचीच शेकडेवारी पूर्णांकी असते : ०, ५१, १०२, १५३, २०४ व २५५. इतरांचे पूर्णांकन करावे लागते. १२७ ची शेकडेवारी सुमारे ४९.८ व १२८ ची सुमारे ५०.२, दोन्ही ५० ठरतात आणि परतताना दोहोंचे १२८ होते. २५६ मात्रा १०१ पूर्णांकांत बसवावयाच्या म्हटल्यावर भिन्न मात्रांची एकरूपता अटळच आहे. एक दशांश स्थळ राखल्यास मात्र परत येताना होणारी चूक ०.१३ हून कमी राहते आणि पूर्णांकनानंतर मूळ मात्रा अचूक मिळते.

तात्पर्य, पाया बदलल्याने संख्येचे मूल्य बदलत नाही. क्रमाविषयीच्या गैरसमजाने रंग पालटतो, आणि अपुऱ्या श्रेणीत पूर्णांकन केल्याने त्याचा सूक्ष्म भेद कायमचा लोपतो. यांपैकी पहिला दोष पुढे कधीही दुरुस्त करता येतो. दुसरा मूळ नोंद हाती नसल्यास सुधारता येत नाही. म्हणून संग्रहात मूळ पूर्णांक, घटकांचा क्रम व मापनश्रेणी या तिन्हींची नोंद एकत्र असणे इष्ट होय.