बाभळीवरचा मराठा

कर्जतहून रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याकडे जाताना सकाळी एखाद्या जुन्या बाभळीखाली पाच मिनिटं नुसतं उभं राहा. वर बघू नका. ऐका. टक्... टकटक्... जरा खंड... टक्. मग खांद्यावर सालीचा बारीक भुसा पडतो. वर सुतार कामाला लागलाय!

पण कोणता सुतार? तेही पुष्कळदा मान वर न करता कळतं.

आधी ठोका ओळखा. पोटासाठी चाललेली टकटक अडखळत येते. दोन घाव, मग थांबून पाहणं, पुन्हा एक घाव. विणीच्या दिवसांत मात्र हाच पक्षी वाळकी, घुमणारी फांदी हेरतो आणि तिच्यावर एका दमात 'टर्रर्र' वाजवतो. सेकंदाला दहावीस ठोके! ही किड्यासाठीची धडपड नव्हे. 'हा मुलूख माझा' अशी ती दवंडी आहे, जोडीदाराला घातलेली सादही आहे. गळा असताना लाकडाचा ढोल करणारा पक्षी, केवढी गंमत!

आणि भर उन्हात वडा-पिंपळावरून येणारं ते संथ 'टुक्, टुक्, टुक्'? अनेकांना तो सुतार वाटतो. तो तांबट. त्याची चोच मिटलेली असते, लाकडाला लागतही नाही. सगळा आवाज फुगलेल्या गळ्यातला.

आता सोनपाठी सुतार. हा गावातला, आमराईतला. शिंगरू खिंकाळावं तसा कर्कश हसत तो उडतो, आणि उडतोही लाटेसारखा: चार फडफडाटांत वर, पंख मिटले की खाली. खोडाच्या बुडाशी उतरायचं आणि गोल फिरत, झटके देत वर चढत जायचं, ही त्याची रीत. तुम्ही दिसलात की खोडाआड सरकतो आणि हळूच डोकावतो. मुंग्या त्याच्या फार आवडीच्या, पण पळस-पांगारा फुलला की मधही चाखतो.

बाभळीवरचा आपला कारागीर मात्र कमी बोलणारा. 'क्लिक्, क्लिक्-र्रर्र', बस्स. बुलबुलाएवढा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, पिवळट कपाळाचा. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा, पोटावर लाल डाग. जॉन लॅथम या इंग्रज अभ्यासकाने 1801 मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, 'महराट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला! लॅथम भारतात कधी आलाच नव्हता. तरी नाव किती चपखल बसलं! कमी पावसाचा, काटेरी झाडांचा हा प्रदेश मराठा सुताराला खरोखरच मानवतो.

सह्याद्रीच्या ओल्या रानात आणखी एक वल्ली भेटते, तांबूस सुतार. त्याचा ढोल बंद पडत जाणाऱ्या मोटारसायकलसारखा वाजतो: आधी जलद, मग सावकाश, मग एकेक ठोका. एकदा ऐकलात की विसरणं शक्य नाही. तो झाडावरच्या मुंग्यांची अंडीपिल्ली खातो, आणि स्वतःची अंडी घालतो त्याच मुंग्यांच्या नांदत्या घरट्यात पोखरून!

सुतारांना खोडावरचं हे काम जमतं कसं? चोच म्हणजे पटाशी. दोन बोटं पुढे, दोन मागे, म्हणून उभ्या खोडावर पकड. शेपटीची ताठ पिसं टेकली की तिवई तयार. पिसं झडायची वेळ येते तेव्हा शेपटीची मधली जोडी सगळ्यात शेवटी गळते, बाकीची नवी पिसं आल्यावर. टेकू काढण्याआधी दुसरा टेकू!

जिभेचं तर विचारूच नका. तिला आधार देणाऱ्या लवचीक हाडांच्या दोन फांद्या गळ्यापासून कवटीच्या मागून वळतात आणि डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत येतात. जणू डोक्याला फेटाच बांधलाय! तो पुढे सरकला की चिकट जीभ चोचीबाहेर लांबवर जाते आणि बिळातली अळी ओढून आणते.

मग एवढ्या घावांनी मेंदू कसा हलत नाही? कवटीत गादीसारखं काही असतं आणि ते धक्का शोषतं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. 2022 साली संशोधकांनी संथगती चित्रणातून घावांची मोजमापं घेतली, तेव्हा उलटंच दिसलं. कवटी घट्ट हातोड्यासारखी वागते. धक्का शोषला तर घावाचा जोरच जाईल! मेंदू वाचतो तो मुळात इवलासा असल्यामुळे.

सुताराने सोडलेल्या ढोलीत पोपट राहतात, साळुंक्या राहतात, पिंगळेही राहतात. म्हणून बांधावरची वाळकी बाभूळ सरपणासाठी तोडायला निघालात, तर आधी खोडावर गोल भोक आहे का बघा. असेल तर ते झाड ठेवा.