विवर, बारव आणि दर्शनरांग : बुलढाणा जिल्ह्याच्या प्रवासासाठी कॅमेऱ्याची सॅक

कॅमेऱ्याची सॅक निवडताना बहुतेक खरेदीदार आपल्याकडे कॅमेरे आणि लेन्स किती आहेत यावरून तिचे आकारमान ठरवतात. वास्तविक दिवसभरात किती चालायचे, कोठे चढायचे-उतरायचे, कोणत्या ऋतूत जायचे आणि सॅक कोठे कोठे खाली ठेवावी लागणार आहे, या गोष्टी आधी ठरल्या तर तिचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो. बुलढाणा जिल्ह्याचा प्रवास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. लोणारचे विवर, सिंदखेडराजाचे वाडे आणि बारवा, मेहकरचा शारंगधर बालाजी, शेगावचे गजानन महाराज संस्थान आणि ज्ञानगंगा अभयारण्य ही सर्व ठिकाणे एकाच जिल्ह्यात असली, तरी प्रत्येक ठिकाणी सॅककडून होणारी अपेक्षा वेगळी असते.

आजच्या कॅमेरा-बॅगांच्या मागे दोन परंपरा आहेत. पहिली गिर्यारोहकांची आहे. अमेरिकेतील गिर्यारोहक ग्रेग लोव यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘लोवेप्रो’ने कॅमेऱ्याभोवती मऊ अस्तर आणि पाठीवर नीट बसणारे पट्टे ही कल्पना रुजवली. दुसरी परंपरा वृत्तछायाचित्रकारांची असून, फिलाडेल्फियातील जिम डोम्के यांनी १९७०च्या दशकात तयार केलेली, खांद्यावरून कमरेशी लोंबणारी आणि क्षणात उघडणारी साधी कॅनव्हासची पिशवी हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. पहिल्या प्रकारात वजन चांगले पेलले जाते, मात्र कॅमेरा काढायला वेळ लागतो. दुसऱ्यात कॅमेरा लगेच हाताशी येतो, मात्र दोन तासांत एक खांदा भरून येतो. लोणारला पहिलीची गरज भासते आणि शेगावच्या गर्दीत दुसरीची, त्यामुळे या जिल्ह्यासाठीची सॅक दोन्हींचे गुण अंगी असलेली हवी.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे १५० मीटर खोल असून, बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य काळ्या खडकात उल्कापाताने तयार झालेल्या, जगातील मोजक्या विवरांत त्याची गणना होते. २०२० च्या जूनमध्ये खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे त्यातील पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची येथे वर्दळ वाढलेली दिसते. काठावर उभे राहणाऱ्याला संपूर्ण विवर एका चौकटीत टिपण्याचा मोह होतो व त्यासाठी अतिरुंद कोनाची जड लेन्स विकत घेतली जाते. येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर, २४ मिलिमीटरची लेन्स आडवा सुमारे ७४ अंशांचा आणि १६ मिलिमीटरची सुमारे ९७ अंशांचा पट्टा पाहते, तर काठावरील माणसासमोर विवराची कड जवळजवळ १८० अंशांत पसरलेली असते. संपूर्ण विवर एका चित्रात आणायचे तर दोन्ही लेन्सनी उभ्या चौकटींची मालिका घेऊन ती नंतर जोडावीच लागते. त्यामुळे अतिरुंद लेन्स घरी ठेवली तरी फारसे नुकसान होत नाही आणि सॅकमधील अर्धा किलो वजन कमी होते.

हे अर्धा किलो वजन महत्त्वाचे का, हे विवरात उतरल्यावर कळते. कडेवरील ‘धार’ या झऱ्याच्या बाजूने पायऱ्या उतरून, झाडीतून सरोवराच्या काठावरील कमळजा देवीच्या मंदिराकडे गेल्यावर तितकेच सगळे पुन्हा चढून यावे लागते. आत दुकान नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी पाणी हे छायाचित्रकाराचे पहिले साहित्य ठरते, आणि नेमके तेच ठेवण्याची सोय पुष्कळ कॅमेरा-सॅकमध्ये नसते, कारण त्यांचा सगळा अंतर्भाग लेन्सच्या खणांनी व्यापलेला असतो. एक फुल-फ्रेम कॅमेरा, २४–७०, १६–३५ आणि १००–४०० अशा तीन लेन्स मिळून सुमारे साडेतीन किलो होतात. अस्तराची सॅक स्वतःच दीड ते दोन किलो भरते. त्यात २ लिटर पाणी, बॅटऱ्या, पॉवर बँक आणि खाऊ धरला तर पाठीवर ८ किलो येतात. त्याऐवजी लहान संवेदकाचा कॅमेरा, एक सर्वसाधारण झूम आणि अंधाऱ्या जागेसाठी ५० मिलिमीटर एफ १.८ सारखी हलकी लेन्स घेतली, तर एवढे साहित्य दीड किलोच्या आसपास बसते. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराच्या अंधाऱ्या अंतर्भागातील छतावरची शिल्पे अशा लेन्सने बऱ्यापैकी टिपता येतात, आणि संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत असल्याने तो न नेणेच बहुतेकांना सोयीचे जाते.

म्हणून सुमारे २० लिटरची, खालच्या अर्ध्या भागात कॅमेऱ्याचे अस्तर असलेला खण आणि वरचा अर्धा भाग पाणी, डबा व टोपी यांसाठी मोकळा ठेवणारी सॅक या प्रवासासाठी सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल. कॅमेऱ्याचा खण वेगळा काढता येत असेल तर तीच सॅक एरवी रोजच्या वापरालाही चालते. खणाच्या आतल्या भिंती वेल्क्रोने हव्या तिथे चिकटवता येतात. त्या लेन्सच्या मापाने अशा बसवाव्यात की सॅक हलवली असता आतून काहीही हलल्याचा आवाज येऊ नये.

सॅक कोठून उघडते, हा निवडीतील सर्वांत मोठा प्रश्न आहे. समोरून उघडणारी सॅक खाली ठेवताना पाठीला टेकणारा भाग जमिनीवर येतो आणि तिथली माती नंतर सदऱ्याला लागते. गर्दीत मागचा माणूस तिची चेन उघडू शकतो, ही अडचण वेगळीच. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या सॅकमध्ये हे दोन्ही धोके टळतात. शिवाय तिचा कमरपट्टा न सोडता, खांद्याचे पट्टे काढून ती कमरेभोवती फिरवून पोटासमोर आणली, की ती आडव्या फळीसारखी उघडते आणि लेन्स बदलताना तिला जमिनीचा स्पर्शही होत नाही. लोणारच्या काठावर ही सोय विशेष मोलाची ठरते. तिथला चिखल खारट आणि तीव्र अल्कधर्मी, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या जातीचा असल्यामुळे चेनच्या दातांत व बकलांत अडकून सुकल्यास धातू खराब करतो. बाजूने उघडणाऱ्या सॅकमध्ये एक पट्टा खांद्यावरून सोडून ती पुढे ओढली की कॅमेरा हाती येतो. दोन्ही दारे असलेली सॅक किंचित महाग आणि जड असते, पण तो खर्च वाया जात नाही.

वजन पेलण्याचे काम खांद्यांचे नसून नितंबाच्या हाडांचे आहे. मान खाली वाकवल्यावर तिच्या तळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेवर हात ठेवल्यावर अंगठे ज्या रेषेत येतात तिथपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. सॅक या मापाला लागू पडली तरच कमरपट्टा योग्य जागी बसतो. बुटक्या बांध्याच्या व्यक्तीने उंच माणसासाठी शिवलेली सॅक घेतल्यास पट्टा पोटावर येतो आणि सगळा भार परत खांद्यावर जातो. जड लेन्स पाठीला लागून, मध्यभागी ठेवावी. ती बाहेरच्या कप्प्यात गेल्यास सॅक मागे ओढते आणि विवरातून चढताना तोल पुढे झुकवून सांभाळावा लागतो. दुकानात सॅक पाहताना तीत पाच किलो वजन घालून दहा मिनिटे जिना चढून-उतरून पाहावा. चोखंदळ ग्राहकाने यात संकोच मानण्याचे कारण नाही.

सिंदखेडराजाला मोठी सॅक अडचण होते. लखुजीराव जाधवांचा वाडा, जिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला असे मानले जाते, लखुजीरावांची समाधी, रंगमहाल, मोती तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव ही स्थळे गावातच पायी पाहता येतात. बारवेच्या अरुंद पायऱ्यांवर पाठीमागे एक वीत बाहेर आलेली सॅक वळताना दगडाला घासते, म्हणून जाडी कमी आणि उंची बेताची असावी. दरवर्षी १२ जानेवारीला येथे लाखोंचा समुदाय जमतो. त्या दिवशी सॅक न नेता एक कॅमेरा, एक लेन्स आणि छातीवर आडवी येणारी छोटी पिशवी एवढेच बरोबर असावे.

शेगावला मंदिरात छायाचित्रणास मनाई असल्याने सॅक बाहेर ठेवूनच दर्शनाला जावे लागते. अशा वेळी बाहेरून कॅमेऱ्याची न वाटणारी, कंपनीचे ठळक नाव नसलेली सॅक अधिक सुरक्षित. मेमरी कार्ड मात्र खिशातच असावे. शेगाव मुंबई–हावडा लोहमार्गावर असल्याने तिथे उतरणारे पुष्कळ असतात, आणि रात्रीच्या गाडीत उशाला घेता येईल एवढ्याच जाडीची सॅक असणे हा गौण वाटणारा, पण निर्णायक निकष आहे. विमानाने छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला येणाऱ्यांनी हातातील सामानाची साधारण ७ किलोची मर्यादा ध्यानात ठेवावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

कापडाचा कस डेनिअरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. ५०० च्या आसपासचे नायलॉन काटेरी झुडपांतही टिकते, परंतु कापड कितीही जलरोधक असले तरी पाणी शिलाईतून आणि चेनमधून शिरते, त्यामुळे पावसाळ्यात वेगळे आच्छादन लागतेच. त्याच दिवसांत वातानुकूलित मोटारीतून दमट हवेत येताना सॅक अर्धा तास बंद ठेवावी, नाहीतर थंड काचेवर बाष्प जमते.

घरी परतल्यावर कॅमेरा व लेन्स सॅकमध्ये ठेवू नयेत. अस्तरातील फोम ओल धरून ठेवतो आणि काळोख्या, दमट जागेत लेन्सच्या काचेवर बुरशी वाढते. साहित्य हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे, आणि सॅक पूर्ण उघडून, चेनचे दात ओल्या ब्रशने पुसून, सावलीत वाळवावी.