गेटपर्यंत पोहोचलो, खुर्चीचे काय?

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर भीमसागर लोटतो, तेव्हा काही शहाण्यांना प्रश्न पडतो की, ही माणसे विद्यापीठाच्या कमानीपुढे नतमस्तक का होतात? दगडी कमानच ती! ज्यांच्या घरात चार-चार पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांना हे कळणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याची शिक्षा गावागावांतल्या आमच्या वस्त्यांनी भोगली. घरे जळाली. पोचीराम कांबळेंना ठार मारले गेले. पुढे १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळाले. तेही नामांतर नव्हे, नामविस्तार!

वास्तविक मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केले होते. पुढे तेच मिलिंद म्हणून नावारूपाला आले. ज्या माणसाने या मागास मुलखात उच्च शिक्षणाची वाट पाडली, त्याच्या नावासाठी सोळा वर्षे रक्त सांडावे लागले. हा इतिहास नव्या पिढीला तोंडपाठ असला पाहिजे.

परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते गेटच्या आतल्या गोष्टीबद्दल. विद्यापीठ असते कशासाठी? ऑक्टोबर १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी याचे सरळ उत्तर दिले होते. ज्यांच्याकडे बुद्धी आहे, पण पैशाअभावी किंवा इतर अडचणींमुळे जे शिकू शकत नाहीत, त्यांना शिक्षणाच्या सोयी मिळवून देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, अशी त्यांची भूमिका होती. मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढच्या साक्षीत त्यांनी अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करण्यालाही विरोध केला. परीक्षा घ्यायच्या, निकाल लावायचे आणि पदवीचे कागद वाटायचे, एवढ्यावर त्यांचे विद्यापीठ थांबत नव्हते. आज आमची किती विद्यापीठे याच्या पलीकडे गेली आहेत? निकाल वेळेवर लागला तरी बातमी होते!

आता खुर्चीचा प्रश्न. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेला विद्वान, पण सहकारी प्राध्यापकांना त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी पिणे खपले नाही. शंभर वर्षांनी पाण्याचे भांडे गेले आणि रोस्टर आले. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्राध्यापकांचे आरक्षण मोजताना संपूर्ण विद्यापीठ न धरता एकेक विभाग धरावा. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. या तेरा बिंदूंच्या रोस्टरात ओबीसीची पहिली जागा चौथी, अनुसूचित जातीची सातवी आणि अनुसूचित जमातीची चौदावी. ज्या विभागात पाच-सहाच जागा, तिथे आमचा माणूस कधी बसणार? आरक्षण रद्द केल्याची एक ओळही कुठे लिहावी लागली नाही. नुसती मोजणी बदलली. ५ मार्च २०१९ ला देश बंद झाला, निवडणूक तोंडावर होती, मग दोनच दिवसांत अध्यादेश निघाला आणि पुढे केंद्रीय संस्थांपुरता कायदाही झाला. रस्त्यावर उतरल्याशिवाय आम्हाला विद्यापीठातली खुर्चीसुद्धा मिळत नाही, हे यातून दिसले. आणि खुर्ची कागदावर आली तरी मुलाखतीत ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा आहेच. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली आमची मुले तासिका तत्त्वावर राबतात. सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधनही नाही. चहाच्या टपरीवर ती ‘सर’ असतात, घरी आई विचारते, पगार कधी?

पैशाचेही तेच. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. आज काय? २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा सात महिन्यांची फेलोशिप थकल्याचे त्याने मागे ठेवलेल्या पत्रात लिहून ठेवले होते. आपल्या महाराष्ट्रात बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे, त्यांनी मंडपात बसायचे. फेलोशिप म्हणजे भीक नव्हे. शेतमजुराची मुलगी पाच वर्षे संशोधन करते, तेव्हा तिच्या घरातली एक मजुरी बुडते, हा साधा हिशेब मंत्रालयाला कळत नाही असे आम्ही मानत नाही.

हे निर्णय घेतो कोण? इथे आम्हाला आपल्याच माणसांशी थोडे कडू बोलायचे आहे. १९२७ च्या त्याच भाषणात बाबासाहेब सिनेटमध्ये मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हवेत म्हणून भांडत होते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडले जातात, त्यात पाच राखीव आहेत. अनुसूचित जातीची जागा त्यात आहे. पण राखीव जागेवरही मते सर्व पदवीधरांचीच लागतात. ज्याचे मतदार जास्त, त्याच्या मर्जीतला माणूस आमच्या नावाने तिथे बसतो. शिक्षणसम्राट आपल्या संस्थांमधल्या पदवीधरांचे अर्ज गठ्ठ्याने भरून घेतात. आमचा पदवीधर नगरसेवकाच्या निवडणुकीत रात्र-रात्र जागतो आणि अधिसभेची निवडणूक झाली हे त्याला निकालानंतर कळते. नोंदणीला पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि एक अर्ज लागतो. जयंती मंडळाकडे वस्तीतल्या प्रत्येक घराची वर्गणीची यादी असते, मग पदवीधरांची यादी का नसावी? यंदा बुद्धविहारात एक रविवार त्यासाठी ठेवा. मुली आणि सुनाही पदवीधर आहेत, त्यांचीही नावे घ्या. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर त्याचा पुरावा आधीच जोडून ठेवा, कारण अर्ज बाद करायला तेवढे निमित्त पुरते.