घाम आणि जुना माठ

मराठवाड्यातल्या मंठ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. "घाम आला नाही, म्हणजे ऊन बाधले नाही," असे घरोघरी म्हटले जाते. समज साहजिक आहे, पण चुकीचा आहे.

शरीर गार होते ते बाष्पीभवनाने (घामाची वाफ होऊन उडून जाण्याने). माठातले पाणी असेच थंड होते. जुन्या माठाची छिद्रे बुजली की तो पाझरत नाही, पाणी कोमटच राहते. उतारवयात घामाचेही तसेच होते. तो कमी येतो आणि तहानही उशिरा जाणवते. शिवाय मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आलेला घाम लगेच सुकतो, त्यामुळे तो दिसतही नाही.

म्हणून आजी-आजोबांना घरात कोंडायचे का? मुळीच नाही. सकाळी आठच्या आत फेरफटका, झाडांना पाणी घालणे, ऊन कलल्यावर पारावरच्या गप्पा हे हवेच. दुपारी मात्र सावली बरी. तहानेची वाट न पाहता अधूनमधून पाणी किंवा ताक प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. घाम आहे की नाही हे पाहत बसू नका. सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा.