तारेवांचून वाजणारी गिटार

वेल्समधील स्वान्सी शहरीं १९७२ च्या मे महिन्यांत लेस्ली हार्वे नांवाच्या तरुण स्कॉटिश वादकानें गिटार हातीं असतां पुढील मायक्रोफोनास स्पर्श केला, आणि विजेच्या धक्क्यानें त्याचा अंत झाला. विजेच्या गिटारीच्या पोलादी तारा केबलच्या द्वारें ध्वनिवर्धकाशीं व त्यावाटे भूमीशीं जोडलेल्या असतात. मायक्रोफोनांत दोष होऊन तेथें वीज उतरली असेल, तर वादकाचा देह हाच तिचा जमिनीकडे जाण्याचा मार्ग होतो. पुढें १९७६ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडांतील लेकलँड येथें ‘किस’ या वृंदाचा एस फ्रेली यास कठड्याला हात लागून असाच जबर धक्का बसला. तो वाचला; आणि त्या वृंदानें केन शाफर यानें सिद्ध केलेली बिनतारी योजना स्वीकारली. केबलच नाहीं, तेव्हां विजेची ती वाटच तुटली.

या योजनेचें मर्म रेडिओच्या श्रोत्यांस परकें नाहीं. गिटारीच्या तारांखालीं चुंबक व त्यांभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार कांपली, कीं फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमानें त्या वेढ्यांत क्षीण विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा दाब वादकाच्या कमरेस अडकविलेल्या लहानशा पेटींत जातो. ही पेटी म्हणजे एक चिमुकलें प्रक्षेपण केंद्रच! ती सेकंदास, समजा, साठ कोटी कंपांची लहर सोडते, आणि स्वराप्रमाणें त्या कंपसंख्येंत किंचित् चढउतार करते. ग्राहक यंत्र तो चढउतार ओळखून मूळचा स्वर ध्वनिवर्धकाच्या हवालीं करतें.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. लहर सरळ येते तशीच भिंतींवर व लोखंडी कमानींवर आपटूनही येते. एकीचा चढ व दुसरीचा उतार एकाच क्षणीं पोहोंचले, म्हणजे दोघी परस्परांस गिळतात व स्वर मध्येंच लुप्त होतो. या लहरीची लांबी अवघी अर्धा मीटर. त्यामुळें वादकाचें एक पाऊल सरकलें तरी हा घात होऊं शकतो. म्हणून ग्राहक यंत्रास दोन अँटेना अंतरावर बसवितात. एकीच्या जागीं मौन पडलें तरी दुसरीच्या जागीं तें बहुधा नसतें, आणि यंत्र सबळ संकेत निवडून घेतें.

हळुवार स्वर लहरींच्या खरखरींत बुडूं नयेत, यासाठीं हळू व जोरकस स्वरांतील अंतर पाठवितांना आंवळतात व घेतांना पुन्हां सैल करतात. प्रवासास निघतांना गादी करकचून बांधावी आणि मुक्कामीं सोडावी तसें. यांत स्वराचा पोत थोडा पालटतो. शाफरच्या यंत्रानें होणारा हा पालट अँगस यंग यास इतका आवडला, कीं १९८० च्या ‘बॅक इन ब्लॅक’च्या ध्वनिमुद्रणांतही, जेथें केबल सहज चालली असती, त्यानें तेंच यंत्र वापरलें.

अलीकडील यंत्रें स्वराचे आंकडे करून पाठवितात. त्यांत सेकंदाच्या सहस्रांशांचा विलंब लागतो, व त्याबद्दल कांहीं वादक कुरकुरतात. तीन सहस्रांशांत हवेंतला आवाज मीटरभरच चालतो. म्हणजे ध्वनिवर्धकापासून एक पाऊल मागें उभें राहण्याइतकाच हा भेद.

कमरेची पेटी साध्या सेलांवर चालते. ते मध्येंच संपले तर सारें निष्फळ. म्हणून कार्यक्रमापूर्वीं सेल नवे घालतात, आणि पडद्यामागें एक केबलही तयार ठेवलेली असते.