घरच्या घरी ध्वनिमुद्रण : पैसा कोठे घालावा?

विडी कामगारांच्या संघटनेतील माणसाने ध्वनिमुद्रणावर काय बोलावे, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही या विद्येत पडलो ते ठेच लागून. साकोली तालुक्यातील आमच्या एकोडीत सूप मांडीवर घेऊन जन्मभर विड्या वळलेल्या एका मावशींची हकीकत व गाणी आम्ही मे महिन्यात मुद्रित केली. वर्गणी काढून महागडा कंडेन्सर माइक आणला होता. घरी येऊन ऐकतो तो काय, मावशींपेक्षा कूलरच अधिक बोलत होता! पावसाळ्यात पुन्हा जाऊ म्हटले. मावशी त्याआधीच गेल्या.

चूक माइकची नव्हती, आमची होती. तो आम्ही चार हात दूर ठेवला होता. अंतर निम्मे केले की माइकपाशी पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, कूलरची घरघर मात्र होती तेवढीच राहते. चार हात म्हणजे आठ विती. तेथून एका वितीवर यायचे तर अंतर तीनदा निम्मे होते, म्हणजे १८ डेसिबलांचा लाभ. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो थोडा घटतो. तथापि पदरचा एक पैसाही न घालता मिळणारा एवढा लाभ दुसरा नाही.

म्हणून आधी जागा शांत करावी, मग बाजार गाठावा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा गोंगाट थांबत नाही. बोलणाऱ्याच्या मागे व बाजूंना जाड गोधड्या टांगल्या तर खोलीतील घुमणे पुष्कळ कमी होते. माइक साधा डायनॅमिक घ्यावा. तो तोंडाजवळ धरायचा असतो व त्याला कंडेन्सरसारखा ४८ व्होल्टचा पुरवठा लागत नाही. माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस एका माइकपुरता बस्स होतो; मात्र डायनॅमिक माइकचा क्षीण आवाज तो खरखर न करता वाढवतो की नाही, हे दुकानातच ऐकून पाहावे. उरल्या पैशांत कान पुरते झाकणारा हेडफोन. आमच्याजवळ तो त्या दिवशी असता, तर कूलर तेथेच बंद केला असता. स्पीकरची घाई नको.

मुद्रण २४ बिटांवर करावे आणि पातळी मुद्दाम खाली ठेवावी. मंद आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. एका माइकचे मुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी तासाभरात सुमारे ४७५ मेगाबाइट जागा घेते. ते दोन ठिकाणी साठवावे.

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्या गावोगावच्या बायांकडे जाऊन. आम्हीही आता पहाटेच निघतो, कूलर सुरू होण्याआधी. गोधडी ज्या घरी जातो तेथलीच मागून घेतो.