आमच्या मोतीचे जेवण



आमच्या घरी दोन कुत्रे आहेत. एक वाघ्या. तो गावठी आहे आणि द्राक्षाच्या मळ्याची राखण करतो. दुसरा मोती. तो पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा आणि मांजरापेक्षा थोडासाच मोठा आहे. माझ्या आत्याने तो शहरातून आणून दिला. आपल्याकडे अशा कुत्र्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, पण डॉक्टर म्हणाले की हा स्पिट्झ जातीचा आहे. आज मी मोतीच्या जेवणाविषयी लिहिणार आहे, कारण माझ्या एका चुकीमुळे तो मरता मरता वाचला.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमचा निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. हंगाम चालू होता. ओट्यावर द्राक्षांचे क्रेट ठेवले होते. मी एकेक मणी वर फेकायची आणि मोती तो उडी मारून झेलायचा. सगळे हसत होते. मला वाटले, द्राक्ष म्हणजे फळ, आणि फळ खाल्ल्याने काय होणार? रात्री मोतीला उलट्या झाल्या. सकाळी तो कोपऱ्यात पडून राहिला. भाकरी नको, पाणी नको. लघवीसुद्धा झाली नाही. वडिलांनी त्याला गोणपाटात गुंडाळले आणि आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं यानं?" मी द्राक्षे म्हटल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, "बाळा, द्राक्षं आणि मनुका-बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. त्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात." त्यांनी रक्त तपासले आणि सलाईन लावले. तीन दिवस आमच्या खेपा चालू होत्या. चौथ्या दिवशी मोतीने माझा हात चाटला, तेव्हा मला रडू आले.

आमच्या सरांनी नंतर वर्गात याचे कारण सांगितले. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते. कुत्र्यांना बाधते ते हेच असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली मांडले. हेच आम्ल चिंचेतही असते. म्हणून चिंच घातलेली आमटीसुद्धा कुत्र्याला देऊ नये.

लहान कुत्र्याला जास्त धोका का?

हे मी गणित करून पाहिले. मोतीला उचलून मी वजनकाट्यावर उभी राहिले. काटा ३६ किलो दाखवत होता. मी एकटी ३१ किलो भरले. म्हणजे मोती ५ किलोचा. वाघ्याचे वजन २० किलो. जो पदार्थ वाघ्याला थोडासा बाधेल, तोच मोतीला चौपट बाधणार. द्राक्षाचे मात्र एवढेही गणित चालत नाही. किती मणी बाधतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही मणी देऊ नये, मोठ्या कुत्र्यालाही नाही.

काय देऊ नये?

कांदा व लसूण : कच्चा असो की शिजवलेला. याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.
चॉकलेट : यातील थिओब्रोमीन कुत्र्याला लवकर पचत नाही. हृदय जोरात धडधडते, झटकेही येतात.
शिजवलेली हाडे : त्यांच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतडे फाटू शकते.
बिनसाखरेचे च्युइंगगम : त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते.
तळलेले पदार्थ, मीठ-मसाला : दिवाळीचा फराळ आपल्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.
दूध : मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात. त्याऐवजी चमचाभर ताजे दही चालते.

मग काय द्यावे?

मी आईला म्हटले, "आता मोतीसाठी वेगळा स्वयंपाक करायचा का?" आई म्हणाली, "वेगळा कशाला? फोडणी घालायच्या आधी त्याचा वाटा काढून ठेवू." ही युक्ती फार सोपी आहे. भात, कोंबडी, भोपळा सगळे पाण्यात शिजते. मोतीचा वाटा बाजूला निघाला की मग आमच्या पातेल्यात कांदा, लसूण, तिखट, मीठ पडते.

डॉक्टरांनी मोतीला दिवसभरासाठी हे ठरवून दिले आहे : हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी सुमारे ११० ग्रॅम, एक लहान वाटी मऊ भात, दोन-तीन चमचे शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर आणि अर्धा चमचा तेल. कोंबडी नसेल त्या दिवशी उकडलेली अंडी. हे सगळे दोन वेळांत वाटून द्यायचे.

एक गोष्ट आम्हाला मुळीच माहीत नव्हती. मांसात आणि भातात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असतो. नुसते तेच खाऊन कुत्र्याची हाडे ठिसूळ होतात. म्हणून आई अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवते आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करते. त्यातली पाव चमचा पूड रोज मोतीच्या भातात मिसळतो. शिवाय डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्वाचे औषधही असते.

सर म्हणाले की अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तर शंभरातल्या ९५ पाककृतींत एखादा तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरचे जेवण चांगले असले तरी माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मी वर लिहिलेले माप मोतीचे आहे, तुमच्या कुत्र्याचे वेगळे असेल.

पिल्लू असेल तर?

पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. लहान जातीच्या पिल्लाचे पोट चिमुकले असते. फार वेळ उपाशी राहिले तर त्याला चक्कर येते. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा खायला द्यावे.

मोतीचा खाऊ

खाऊ कोणाला आवडत नाही? मोतीलाही आवडतो. गाजराचे तुकडे, काकडीची चकती, उकडलेले रताळे, बिया काढलेले सफरचंद किंवा कलिंगड हा त्याचा खाऊ. पण याचेही माप आहे. दहा घासांत एक घास खाऊ, बाकी नऊ घास जेवण. अति तेथे माती! आणि कुत्रा जेवत असताना त्याला हात लावू नये, तो चावू शकतो.

आता मोती पुन्हा पूर्वीसारखा उड्या मारतो. मी त्याला अजूनही झेलायला देते, पण गाजराचा तुकडा. द्राक्षांचे क्रेट आम्ही फळीवर उंच ठेवतो, आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आजी दारातच सांगते, "मोतीला काही घालू नका हं, आधी आमच्या पोरीला विचारा."

तुमच्या कुत्र्याने चुकून द्राक्षे, बेदाणे किंवा चॉकलेट खाल्ले तर उलटीची वाट पाहू नका. घरगुती औषध करत बसू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. मी लपवले नाही, म्हणून आमचा मोती आज आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी